‘निवळ’, ‘शुद्ध’ आणि ‘गाळलेले’ : नागरी जलशोधनाच्या इतिहासातील काही प्रश्न

आधुनिक नागर जीवनाचा इतिहास लिहिताना आगगाडी, तारायंत्र आणि वीज यांचा उल्लेख अगत्याने केला जातो. नळाच्या पाण्याचा उल्लेख होतो तो ओझरता. आणि ते पाणी नळात शिरण्यापूर्वी वाळूच्या थरांतून गाळले जाते, या गोष्टीचा तर बहुधा होतच नाही. जेथे होतो तेथे त्याची मांडणी ठरावीक असते. रोगजंतूंचा शोध लागला, पाण्यातून रोग पसरतात हे कळले, म्हणून शहरांनी पाणी गाळावयास आरंभ केला, असा हा क्रम सांगितला जातो. हा क्रम ऐकावयास तर्कशुद्ध वाटतो, परंतु घडलेल्या गोष्टींशी तो जुळत नाही. नगरांसाठी पाणी गाळणाऱ्या पहिल्या यंत्रणा उभ्या राहिल्या तेव्हा जंतुशास्त्राचा जन्मही झालेला नव्हता. त्या ज्या कारणांसाठी उभारल्या गेल्या ती कारणे वेगळी होती, आणि पुढे ज्या कारणामुळे त्या उपकारक ठरल्या ते कारण उभारणाऱ्यांस ठाऊक नव्हते. आधी साधन आणि मागाहून त्याचे स्पष्टीकरण, असा हा उलटा प्रवास आहे. त्या प्रवासात ‘स्वच्छ’ या एका शब्दाखाली निदान तीन निराळ्या कल्पना वावरत होत्या. आणि त्यांची गल्लत झाल्याने माणसे प्राणास मुकली, हे येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम मराठी शब्दांचाच विचार करणे सोयीचे होईल. धान्य पाखडतात, पीठ चाळतात आणि पाणी गाळतात; मिश्रणातून नको ते वेगळे काढण्याच्या या तीन कृतींना मराठीने तीन स्वतंत्र धातू दिले आहेत. हिंदीतील ‘छानना’ मराठीत पाण्यास लागत नाही. त्याच्याशी नाते सांगणारा ‘छाननी’ हा शब्द मात्र कागदपत्रांच्या आणि उमेदवारी अर्जांच्या तपासणीस लागू झाला आहे. ‘गाळणे’ हे ‘गळणे’चे प्रयोजक रूप आहे. मडके गळते, पाने गळतात; आणि जे आपोआप गळते ते हेतुपुरस्सर गळावयास लावणे म्हणजे गाळणे. घाम गाळणे, अश्रू गाळणे, दारू गाळणे, उसाचे गाळप हे सारे प्रयोग याच मुळापासून निघाले आहेत, आणि पाण्याच्या तळाशी जो बसतो त्या ‘गाळा’चे नावही त्याच कुळातील आहे. या धातूची एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. ‘पाणी गाळले’ असे म्हणतो तेव्हा क्रियापदाचे कर्म हे हवे असलेले, खाली उतरलेले द्रव्य असते. ‘वाक्यातील शब्द गाळला’ असे म्हणतो तेव्हा कर्म हे नको असलेले, टाकून दिलेले असते. शाळकरी मुलाच्या प्रश्नपत्रिकेतील गाळलेली जागा रिकामी असते. त्याच्या पेल्यातील गाळलेले पाणी भरलेले असते. एकाच क्रियापदाने राखणे आणि टाकणे या दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत. काय राखले व काय टाकले हे मात्र ते क्रियापद सांगत नाही. ते प्रत्येक वेळी विचारावे लागते.

‘निवळणे’ हा दुसरा शब्द. येथे कर्ता पाणीच आहे. गढूळ पाणी ठेवून दिले म्हणजे गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी निवळते. या कामी साहाय्य करणारे बी म्हणजे निवळी. संस्कृतात या वृक्षास कतक म्हणतात, हिंदीत निर्मली. मडक्याच्या आतल्या बाजूस हे बी घासून लावले असता पाणी लवकर स्वच्छ होते, हा अनुभव फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात गढूळ पाणी निवळविणाऱ्या सात वस्तू सांगितल्या आहेत, त्यांत कतकाचे नाव पहिले असून वस्त्राचाही समावेश आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात संन्याशाने वस्त्राने गाळलेले पाणी प्यावे असा आदेश आहे. त्याच अध्यायात, कतकाचे फळ पाणी निवळविते हे खरे असले तरी त्याचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा दृष्टान्त धर्माचरणाच्या संदर्भात दिलेला आहे. स्मृतिकाराचा रोख बाह्य चिन्हांवर विसंबणाऱ्यांकडे आहे. तथापि नाव आणि वस्तू यांतील अंतराविषयीचे इतके नेमके विधान पाण्याच्याच संदर्भात मिळावे, हा योगायोग या विषयाच्या अभ्यासकास विसरता येण्यासारखा नाही. तुरटीचे नाव तिच्या चवीवरून पडले आहे, गुणावरून नव्हे. परंतु ‘पाण्यात तुरटी फिरविणे’ हा वाक्प्रचार घरोघरी रूढ आहे.

या सर्व शब्दांचे मोजमाप डोळ्याने होते. पाणी निवळले की नाही हे पाहून समजते. दिसत नाही असे काही पाण्यात असू शकते, ही जाणीव भाषेत नव्हती असे मात्र म्हणता येत नाही. नव्या गावचे ‘पाणी बाधते’, ‘पाणी लागते’. पाणी ‘जड’ असते वा ‘हलके’ असते. हे प्रयोग पाण्याचे रूप सांगत नसून परिणाम सांगतात. पटकीच्या रोगाचे एक जुने नाव तर पश्चिम किनाऱ्यावरून युरोपात गेले. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या आपल्या संवादग्रंथात या रोगाचे वर्णन ‘मोर्शी’ अशा नावाने केले आहे. ते नाव म्हणजे मराठी-कोंकणीतील ‘मोडशी’. पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोर्देशीं’ केले आणि फ्रेंचांनी त्याला स्वभाषेचा अर्थ चिकटवून ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाचे ‘मोर द शियँ’ बनविले. लोकव्युत्पत्तीचे याहून भीषण उदाहरण क्वचितच सापडेल. मराठीत मात्र ‘मोडशी’ पुढे सौम्य झाली आणि अपचनापुरती उरली.

नगरासाठी पाणी गाळण्याच्या आधुनिक यंत्रणेचा आरंभ स्कॉटलंडमधील पेझली या गावी १८०४ मध्ये झाला, असे सामान्यतः मानले जाते. जॉन गिब याचा तेथे कापड शुभ्र करण्याचा कारखाना होता. कापड धुण्यास नितळ पाणी लागते. नदीचे पाणी गढूळ होते. म्हणून त्याने खडी व वाळू यांतून पाणी झिरपवून घेण्याची व्यवस्था केली आणि उरलेले पाणी गाड्यांवरून गावात विकले. म्हणजे माणसांना प्यावयास मिळालेले हे पाणी कापडासाठी गाळलेल्या पाण्यातील शिल्लक होते. लंडनमध्ये १८२७ साली टेम्स नदीतून पाणी उपसणाऱ्या एका कंपनीविरुद्ध पत्रक निघाले. तिचे पाणी गटाराच्या मुखाजवळून घेतले जाते असा आरोप होता. त्यानंतर राजआयोग नेमला गेला, आणि जानेवारी १८२९ मध्ये चेल्सी कंपनीचा अभियंता जेम्स सिम्प्सन याने सुमारे एक एकर क्षेत्राची वाळूची गाळणी सुरू केली. पाणी वरून सोडावयाचे, ते वाळू व खडी यांच्या थरांतून संथपणे खाली उतरू द्यावयाचे आणि वरचा मळका पापुद्रा वेळोवेळी खरवडून काढावयाचा, अशी तिची रचना होती. पुढे शंभर वर्षे जगभर उभारल्या गेलेल्या मंदगती गाळण्या याच नमुन्यावर आधारलेल्या आहेत. सिम्प्सनचा उद्देश गढूळपणा घालविणे एवढाच होता.

ब्रिटिश पार्लमेंटने १८५२ मध्ये लंडनसाठी कायदा केला आणि घरगुती वापरासाठी नदीचे पाणी गाळणे १८५५ अखेरपासून सक्तीचे ठरविले. त्या सुमारास जॉन स्नो याचे संशोधन चालू होते. दक्षिण लंडनच्या एकाच वस्तीत दोन कंपन्यांचे नळ शेजारीशेजारी गेले होते. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी बॅटरसी येथून, म्हणजे शहराची घाण मिसळलेल्या प्रवाहातून, पाणी घेई. लँबेथ कंपनीने १८५२ मध्ये आपले मुख वर थेम्स डिटन येथे नेले होते. १८५४ च्या साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर दहा हजार घरांमागे पहिल्या कंपनीच्या ग्राहकांत ३१५ मृत्यू झाले, दुसरीच्या ग्राहकांत ३७. रोगविज्ञानाच्या इतिहासात या तुलनेचे स्थान अढळ आहे. परंतु तिचा अर्थ पुष्कळदा फाजील लावला जातो. दोन्ही कंपन्यांत फरक होता तो पाणी कोठून घेतले याचा. गाळणीची कसोटी येथे लागलेली नाही. उगम चांगला असेल तर मृत्यू कमी होतात एवढेच यावरून सिद्ध होते. वाळू रोग अडविते काय, या प्रश्नास स्नोच्या आकड्यांत उत्तर नाही.

ते उत्तर मिळाले एल्ब नदीच्या काठी, १८९२ च्या ऑगस्टपासून पुढील काही आठवड्यांत.

हँबुर्ग आणि आल्टोना ही दोन नगरे इतकी लागून वसली होती की काही ठिकाणी एका रस्त्याची एक बाजू हँबुर्गात, तर दुसरी आल्टोनात पडत असे. माती एक, हवा एक, लोकांचे व्यवसाय व येणेजाणे एक. हँबुर्ग हे स्वतंत्र व्यापारी नगरराज्य होते. आल्टोना प्रशियाच्या राज्यात मोडत असे. १८४२ च्या भयंकर आगीनंतर हँबुर्गची नवी जलव्यवस्था विल्यम लिंडले या इंग्रज अभियंत्याने आखली. तिचे पाणी नदीतून शहराच्या वरच्या अंगास घेतले जाई. गाळण्या बांधण्याचा विषय पुनःपुन्हा निघाला आणि खर्चाच्या वादात पुनःपुन्हा मागे पडला. न गाळलेले पाणी नळातून येई आणि त्याबरोबर बारीक जलचरही येत. आल्टोनाची स्थिती वरकरणी याहून वाईट होती. तिचे पाणी ब्लांकेनेझे येथे, म्हणजे दोन्ही शहरांची गटारे नदीस मिळाल्यानंतर खालच्या अंगास, घेतले जाई. पण १८५९ पासून ते पाणी वाळूच्या गाळण्यांतून जाऊनच शहरात येत होते. उत्तम उगमाचे न गाळलेले पाणी आणि दूषित उगमाचे गाळलेले पाणी अशी ही तुलना निसर्गाने वा राजकारणाने तयार करून ठेवली होती. प्रयोगशाळेत कोणास याहून निर्णायक प्रयोग सुचला नसता.

साथ आली तेव्हा हँबुर्गमध्ये सुमारे १७,००० लोक आजारी पडले आणि सुमारे ८,६०० दगावले. आल्टोनात रोगी सुमारे ५०० व मृत्यू ३०० च्या आसपास झाले, आणि त्यांतील पुष्कळांना रोगाची बाधा कामानिमित्त हँबुर्गात गेले असता झाली होती. शहरांच्या सीमेवर तर नकाशा काढल्यासारखे दृश्य होते. रस्त्याच्या एका बाजूस पटकी आणि समोरच्या बाजूस तिचा मागमूस नाही. सीमेवरील एका वसाहतीची घरे हँबुर्गच्या हद्दीत होती, परंतु त्यांना पाणी आल्टोनाचे होते. शेकडो लोकांच्या त्या वसाहतीत रोग शिरला नाही. राज्याची सीमा नव्हे, तर नळाची सीमा रोगाने पाळली. बर्लिनहून आलेल्या रॉबर्ट कॉख याने हे सर्व निरीक्षण पुढील वर्षी पाणी गाळणे आणि पटकी यांवरील आपल्या निबंधात मांडले. या रोगाचा स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू त्याने १८८४ च्या आरंभी कलकत्त्याच्या एका तलावाच्या पाण्यात पाहिला होता, हे येथे आठवावयास हवे.

तरीही सर्वांचे समाधान झाले नाही. म्युनिकचा माक्स फॉन पेटेनकोफर हा आरोग्यशास्त्राचा आद्य आचार्य. रोगाचे मूळ भूमीच्या व भूजलाच्या अवस्थेत आहे, जंतू एकटा काही करू शकत नाही, असे त्याचे मत. ७ ऑक्टोबर १८९२ रोजी त्याने पटकीच्या जंतूंचे द्रावण स्वतः प्राशन केले आणि थोड्याशा अतिसारावर निभावले. या प्रसंगाची पुढे थट्टा झाली, पण ती पूर्णतः न्याय्य नाही. पेटेनकोफरच्या मतामुळे गटारे व घरे स्वच्छ करण्यास बळ मिळाले होते. त्याच मतामुळे मात्र हँबुर्गच्या शासकांना गाळण्यांचा खर्च लांबणीवर टाकण्यास विद्वन्मान्य आधारही लाभला. रिचर्ड इव्हान्स या इतिहासकाराने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या शहराच्या मृत्यूंमागील घरमालक, व्यापारी व शासनमंडळ यांचे हितसंबंध तपशिलाने उलगडले आहेत. हँबुर्गच्या गाळण्यांचा निर्णय साथीपूर्वीच झाला होता आणि काम चालूही होते. त्या सुरू झाल्या मे १८९३ मध्ये.

आल्टोनाची गाळणी कशी काम करीत होती? वाळूच्या कणांमधील फटी जंतूच्या आकाराहून कितीतरी पट मोठ्या असतात. चाळणीच्या दृष्टीने पाहिले तर पटकीचा जंतू त्यांतून अडथळ्याविना जावा. आणि नव्या, धुतलेल्या वाळूतून तो बऱ्याच अंशी जातोही. परंतु काही दिवस पाणी वाहिल्यावर वाळूच्या पृष्ठभागावर शेवाळ, सूक्ष्म वनस्पती, जंतू व त्यांवर जगणारे आदिजीव यांचा एक बुळबुळीत थर जमतो. जंतू अडविले जातात, भक्षिले जातात, ते मुख्यतः या थरात व त्याच्या लगत. जर्मन भाषेत या थरास ‘श्मुट्झडेके’ म्हणतात. शब्दशः, मळाचे आवरण. ज्यामुळे पाणी निर्मळ होते त्याचेच नाव मळ! सिम्प्सनच्या दृष्टीने जो केवळ खरवडून टाकावयाचा मळ होता, तोच खरा गाळणारा होता. ‘गाळणे’, ‘फिल्टर’ हे दोन्ही शब्द वस्त्राची वा लोकरीच्या कापडाची प्रतिमा मनापुढे उभी करतात. त्या प्रतिमेत गाळणी निर्जीव असते. मंदगती गाळणी ही वस्तुतः एक सजीव वसती आहे. आल्टोनातच १८९३ च्या हिवाळ्यात याचा कटू प्रत्यय आला. कडाक्याच्या थंडीत एका गाळणीची सफाई चालू असता वाळू गोठली, ती नीट न पिकताच पुन्हा वापरात आली आणि गावात पटकीचा छोटा उद्रेक झाला. कॉखने यावरून प्रत्येक गाळणीच्या पाण्याची रोज तपासणी व्हावी, पाणी उतरण्याचा वेग ताशी १०० मिलिमीटरहून अधिक असू नये, आणि गाळलेल्या पाण्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये शंभराहून अधिक जंतू आढळू नयेत, असे दंडक सुचविले. पाण्याची पारख येथे डोळ्याकडून प्रयोगशाळेकडे गेली.

त्याच वर्षी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स येथे हायरम मिल्स याने विषमज्वर रोखण्यासाठी गाळणी उभारली. तेथे, आणि हँबुर्गातही, एक अनपेक्षित गोष्ट दिसली. विषमज्वराचे मृत्यू कमी झालेच, पण इतर कारणांनी होणारे मृत्यूही घटले. विषमज्वराचा एक मृत्यू टळला तर अन्य रोगांचे दोन-तीन टळतात, असे ॲलन हेझन याने १९०४ मध्ये म्हटले. या विधानावर पुढे मोठी इमारत रचली गेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशात अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या मृत्युमानात जी घट झाली तिच्यापैकी जवळजवळ निम्मी शुद्ध पाण्यामुळे झाली, असा निष्कर्ष डेव्हिड कटलर व ग्रँट मिलर यांनी २००५ मध्ये काढला आणि तो सर्वत्र उद्धृत झाला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनर्परीक्षणात मात्र एकंदर मृत्युमानावरील हा परिणाम फारच लहान ठरला. अर्भकांचे मृत्यू गाळणीमुळे निश्चितपणे घटले, एवढे टिकले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही दुरुस्ती आनंदाने स्वीकारावी. आल्टोनाचा पुरावा एवढा भक्कम असता त्यावर संख्यांचा जादा मुलामा चढविण्याची आवश्यकता नाही.

हिंदुस्थानात कलकत्त्याने पलता येथे हुगळीचे पाणी गाळण्याची व्यवस्था १८७० च्या सुमारास पूर्ण केली. मुंबईचा मार्ग वेगळा होता. विहार तलावाचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६० मध्ये पाणी शहरात आले. योजना हेन्री कॉनिबेअर याची. त्यानंतर १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये, म्हणजे नेमक्या हँबुर्गच्या साथीच्या वर्षी, तानसा. (मधल्या काळातील पवईचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही.) मुंबईची मुख्य मदार वाळूवर नव्हती, पाणलोट क्षेत्राच्या राखणीवर होती. तलावाभोवती वस्ती नको, शेती नको, गुरे नकोत. डोंगर, रान आणि पाऊस एवढेच असावे. उगम चांगला असेल तर मृत्यू कमी होतात, या स्नोच्या निष्कर्षाचेच हे व्यावहारिक रूप म्हणता येईल. याला सरसकट हयगय म्हणणे योग्य होणार नाही. न्यूयॉर्क शहर आपल्या पाण्याचा फार मोठा भाग आजही न गाळता, केवळ पाणलोट राखून व निर्जंतुक करून पुरविते. विहार व तुळशीभोवतालचे अरण्य मुंबईच्या उंबरठ्यावर टिकले, त्यालाही हेच धोरण कारण आहे. तथापि शहर वाढले, पाणी लांबून येऊ लागले, आणि भांडुप येथील प्रचंड संकुल १९७९-८० च्या सुमारास सुरू झाल्यावर गाळणी ही मुंबईच्या पाणीपुरवठ्याची मुख्य पायरी झाली. तेथील पद्धत शीघ्रगती गाळणीची आहे, आणि तिच्या पहिल्या पायरीस पाण्यात तुरटीच्या जातीचे क्षार मिसळून गाळाच्या गुठळ्या बनवितात. या पद्धतीचा आधुनिक नमुना न्यू जर्सीतील लिट्ल फॉल्स येथे १९०२ मध्ये उभा राहिला. घरातील घागरीत तुरटी फिरविणाऱ्या गृहिणीचे रसायन आणि त्या केंद्राचे रसायन मुळात एकच. परंपरा मात्र एक आहे असे म्हणण्यास पुरावा नाही.

आता तिसऱ्या शब्दाकडे वळणे भाग आहे. अशा केंद्राच्या फाटकावर मराठीत ‘जलशुद्धीकरण केंद्र’ असे लिहिलेले असते. ‘निवळ’ हा शब्द डोळ्याचा आहे, ‘निर्जंतुक’ हा प्रयोगशाळेचा. ‘शुद्ध’ हा शब्द मात्र आचारधर्मातून आलेला आहे, आणि तेथे त्याचा पाण्यातील द्रव्याशी संबंध असावाच असे नाही. नळातील चामड्याच्या चकतीमुळे नळाचे पाणी सोवळ्यात चालत नाही, अशी समजूत पुष्कळ घरी दीर्घ काळ होती. गाळलेल्या, तपासलेल्या पाण्याऐवजी उघड्या विहिरीचे पाणी त्या घरांत ‘शुद्ध’ ठरे. हा भेद केवळ सोवळ्याओवळ्याच्या गमतीजमतीपुरता असता तर त्याची नोंद घेण्याचे कारण नव्हते. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तळे सार्वजनिक होते, नगरपालिकेने ते सर्वांस खुले असल्याचे ठरविलेही होते. त्या दिवशी सत्याग्रहींवर हल्ले झाले. आणि त्यानंतर गावातील सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. ते कसे? घागरींनी पाणी उपसून त्यात गाईचे शेण, मूत्र, दूध व दही मंत्रपूर्वक मिसळून. माणसाच्या ओंजळीने जे अशुद्ध झाले असे मानले गेले, ते शेणाने शुद्ध झाले. कॉखच्या दंडकाने मोजले असते तर त्या दिवशी तळ्याचे पाणी कोणत्या कृतीने दूषित झाले याविषयी शंका उरली नसती. तळ्यावरील हक्काचा वाद न्यायालयांत दहा वर्षे चालून मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला.

महाडला जे झाले ते ‘शुद्धीकरण’, आणि भांडुपला रोज होते तेही ‘शुद्धीकरण’. शब्द एकच. परिभाषाकारांनी ‘निस्यंदन’, ‘गालन’ हे शब्द रसायनशास्त्राच्या पुस्तकांत ठेवले आणि फाटकावरच्या पाटीसाठी मात्र हा शब्द निवडला. निवडताना कोणाच्या मनात महाड होते असे म्हणण्याचे कारण नाही; भाषेत असे अजाणतेपणीच घडते. तरी एवढे खरे की ज्या शब्दाने पाणी कोणी प्यावे हे ठरविले जात होते, तोच शब्द पाण्यात काय असू नये हे सांगण्यासाठी वापरला जात आहे, आणि नव्या अर्थाने जुन्याची जागा पूर्णपणे घेतली आहे असे अजून म्हणता येत नाही. गावोगाव नळ झाले तरी त्या नळाचे पाणी वस्तीच्या कोणत्या टोकास आधी पोहोचते, हा प्रश्न शुद्धतेच्या जुन्या अर्थापासून सर्वस्वी सुटलेला नाही. विहीर व नळकोंडाळे यांच्या जागा कशा ठरल्या, याचा जिल्हावार अभ्यास पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेतल्यास या विषयावर पुष्कळ प्रकाश पडेल.

वस्त्राने पाणी गाळण्याच्या रीतीविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. जंतुशास्त्राच्या उदयानंतर या रीतीकडे भाबडा आचार म्हणून पाहिले गेले. कापडाची छिद्रे जंतूहून फार मोठी; तेव्हा वस्त्रगाळ पाणी निवळ असेल, निरोगी असू शकत नाही, असा युक्तिवाद होता. तो वाळूच्या बाबतीत जसा फसला तसाच येथेही काही अंशी फसला. पटकीचा जंतू पाण्यात बहुधा एकटा नसतो. तो सूक्ष्म कवचधारी जलचरांना चिकटून राहतो, आणि ते जलचर कापडात अडकण्याइतके मोठे असतात. रिटा कॉलवेल व त्यांचे सहकारी यांनी बांगलादेशातील मतलब भागात पासष्ट खेड्यांत प्रयोग करून त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. जुन्या साडीच्या चारपदरी किंवा त्याहून अधिक घडीतून पाणी गाळणाऱ्या खेड्यांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. नव्या कापडापेक्षा वापरून वापरून विरलेले कापड अधिक उपयोगी ठरले, कारण धुण्याने त्याचे तंतू सुटे होऊन छिद्रे बारीक होतात. पाच वर्षांनी त्या खेड्यांत पुन्हा पाहणी झाली, तेव्हा जवळजवळ एकतृतीयांश स्त्रिया अजून पाणी गाळीत होत्या, आणि त्यांपैकी बहुतेकींच्या हातात साडीच होती.